रॉकेट कुणाचं, बनीम कुणाची? दिवाळीच्या फटाक्यांत गावाने सांभाळायच्या गोष्टी

लातूर : लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पूजा आटोपली, लाह्या-बत्ताशांचा प्रसाद वाटून झाला, की गल्लीतली पोरं पिशव्या घेऊन बाहेर पडतात. कुणाच्या हातात फुलबाजा, कुणाच्या हातात सुतळी बॉम्ब. एखादा मोठा मुलगा काचेच्या बाटलीत रॉकेट उभं करतो, वातीला अगरबत्ती लावतो आणि पळतो. बाटली कलंडते. रॉकेट वर जायच्या ऐवजी आडवं सुटतं, घरांच्या पत्र्यांवरून सूं करत जातं आणि दिसेनासं होतं. पोरं हसतात, दुसरं रॉकेट काढतात. पहिलं कुठं पडलं, हे कुणी बघायला जात नाही.

शहरात ते बहुधा रस्त्यावर नाहीतर गच्चीवर पडतं. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर, अहमदपूर या भागातल्या गावात मात्र ते कशावर पडेल याचा नेम नसतो. गावाला लागून शेतं, शेतात सोयाबीनच्या बनिमी, घराच्या मागे कडब्याची गंजी, गंजीला लागून गोठा. दिवाळी नेमकी अशा दिवसांत येते, जेव्हा वर्षाची कमाई उघड्यावर, वाळून, रचून ठेवलेली असते. म्हणून फटाक्यांचा धोका गावात वेगळा आहे आणि शहरासाठी छापलेल्या सूचना इथं पुरत नाहीत.

दिवाळीतच आग जास्त का पसरते?

सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरभर चालते. कापलेलं पीक चार दिवस उन्हात वाळवून बनीम रचली जाते. मळणी यंत्राची पाळी येईपर्यंत, मजूर मिळेपर्यंत किंवा भाव थोडा सुधारेल या आशेवर ती शेतात, आखाड्यावर नाहीतर गावाजवळच्या खळ्यावर उभी राहते. पावसाचा भरवसा नसल्यामुळं वरून प्लास्टिकची ताडपत्री. पावसाला ती अडवते, ठिणगीला नाही. उलट गरम काडी पडली की प्लास्टिकला भोक पडतं, ते वितळून खाली गळतं आणि आग आत उतरते.

बनिमीच्या आत पोकळी असते, हवा खेळती असते. बाहेरून नुसता धूर दिसत असतो तेव्हा आतलं पीक धुमसायला लागलेलं असतं. वरून दोन-चार घागरी पाणी ओतलं तरी ते वरच्या थरावरून निथळून जातं, आत पोचत नाही. म्हणून विझली असं वाटणारी बनीम पहाटे पुन्हा पेटल्याचे प्रकार घडतात.

कडब्याचंही तसंच. ज्वारीचा कडबा रब्बीचा. दिवाळीला जी गंजी उभी असते ती मागच्या हंगामातली, जवळपास आठ महिने वाळलेली. नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघेपर्यंत जनावरांना तीच पुरवायची असते. ती जळाली तर विकत आणायचा कडबा महाग आणि तोही मिळेलच असं नाही. वैरण संपली की पुढची पायरी जनावर बाजारात नेण्याची असते, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

याच सुमारास कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला असतो. उसाच्या फडाशेजारी तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहायला लागतात. पाचट, बांबू आणि प्लास्टिकचा कागद यांच्या या कोप्या, आत लहान लेकरं आणि चूल. फड पेटला तर नुकसान शेतकऱ्याचं. कोपी पेटली तर मात्र प्रश्न जिवाचा असतो. आपल्या गावात पाहुणे म्हणून आलेल्या या माणसांच्या डोक्यावरून रॉकेट सोडू नये, एवढं तरी गावाने पाहायला हवं.

एका ठिणगीचा हिशेब

चार एकर सोयाबीनची बनीम धरली आणि एकरी साडेसात क्विंटलचा उतारा धरला, तर त्या ढिगात ३० क्विंटल माल होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. त्या भावाने हा ढीग एक लाख साठ हजार रुपयांच्या घरात जातो. बाजारात भाव कमी मिळाला तरी रक्कम लाखाच्या वरच. यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी आणि कृषी सेवा केंद्राची उधारी वजा व्हायची असते. हे सगळं जाळायला दहा-वीस रुपयांचं एक रॉकेट पुरतं.

भरपाई मिळेल का? इथं बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मूळ नियमांत आगीचा उल्लेख आहे, पण तो वीज पडून किंवा नैसर्गिकरीत्या लागलेल्या आगीचा. टाळता येण्यासारख्या कारणाने झालेलं नुकसान योजनेत बसत नाही. फटाक्याने लागलेली आग ही टाळता येण्यासारखीच असते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचनामा करतील. पण पंचनामा झाला म्हणजे पैसे आले असं होत नाही.

मग राहतो तो एकच मार्ग, ज्याच्या फटाक्यानं जळालं त्याच्याकडं मागायचं. आणि तिथंच खरी अडचण सुरू होते. रॉकेट सोडणारा बहुतेक वेळा शेजारच्याचा किंवा भावकीतलाच पोरगा असतो. ‘लेकरू हाय, मुद्दाम केलं का त्यानं?’ हे एका बाजूचं म्हणणं. ‘मग माझं वर्ष कुणी भरून द्यायचं?’ हे दुसऱ्या बाजूचं. चार माणसं बसून मिटवतात, थोडेफार पैसे ठरतात, ते कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. पोलिसांत गेलं तर घराघरांतलं बोलणं बंद. न गेलं तर नुकसान एकट्याच्या माथी. एका संध्याकाळच्या मजेची किंमत पुढची कित्येक वर्षं मोजली जाते, ती अशी.

पाणी आहे, पण वेळेवर नाही

‘आग लागली तर विझवू की, विहीर हाय शेजारीच,’ असं सहज म्हटलं जातं. विहीर असते, पण मोटार चालेलच असं नाही. शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच आणि पाळीपाळीने मिळते. रात्री साडेआठ-नऊला, ऐन फटाक्यांच्या वेळी, ती असेलच याची खात्री नाही. अग्निशमन बंब असतो तालुक्याच्या गावाला, नगरपरिषदेकडं. तो निघून, गाव शोधून, पाणंद रस्त्याने शेतापर्यंत पोचेपर्यंत बनीम राखेचा ढीग झालेली असते. पावसाळ्यानंतर चिखलाने उखडलेल्या पाणंदीत बंब रुतण्याची भीती वेगळीच.

म्हणून गावाच्या हातात जे आहे तेच कामाला येतं. ट्रॅक्टरला जोडलेला फवारणी पंप असेल तर त्याची टाकी त्या चार रात्री भरून ठेवावी. पाण्याचा टँकर असेल तर तो भरलेला आणि ट्रॅक्टरला जोडलेला असावा. बनिमीला आग लागलीच, तर सगळं पाणी पेटलेल्या भागावर ओतत बसण्यापेक्षा न पेटलेला भाग लांब दाताळ्याने ओढून वेगळा करावा आणि शेजारची बनीम, गंजी, गोठ्याचं छप्पर आधी ओलं करावं. गोठा जवळ असेल तर सगळ्यात आधी दावी कापून जनावरं मोकळी करावीत. विझल्यावर रात्रभर कुणीतरी राखण बसावं, कारण आतली धग लवकर मरत नाही.

वसुबारसेला पूजा, तिसऱ्या दिवशी बॉम्ब

दिवाळीची सुरुवात वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेनं होते. त्याच गायीच्या गोठ्यामागं पुढच्या दोन-तीन दिवसांत सुतळी बॉम्ब फुटतात. जनावराला आवाज माणसापेक्षा जास्त टोचतो आणि त्यामागचं कारण त्याला कळत नाही. दाव्याला बांधलेली म्हैस आवाजाने उसळी घेते, दाव्याचा फास बसतो, पाय अडकतो, खुंटा उपटून जनावर अंधारात पळतं. घाबरलेलं जनावर पान्हा सोडत नाही, दूध कमी होतं. गाभण जनावराला अशा धावपळीत मार लागला तर नुकसान आणखी मोठं.

उपाय फार खर्चाचे नाहीत. गोठ्यापासून लांब फटाके उडवणं हा पहिला. त्या दिवसांत जनावरांना संध्याकाळीच वैरण-पाणी करून आत बांधावं. गळ्यातला फास आवळणार नाही अशी गाठ मारावी. घरातलं एखादं माणूस गोठ्यात बसलेलं असलं की जनावर बरंच शांत राहतं. कुत्रं असेल तर त्याला आत घ्यावं. त्याच्या शेपटीला लवंगीची माळ बांधणं हा खेळ नव्हे, क्रूरपणा आहे आणि कायद्याने गुन्हाही. जनावराला इजा झाली तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

डोळा एकदा गेला की गेला

मुलांच्या इजांमध्ये हात आणि डोळे पुढं असतात. यातल्या बऱ्याच इजा फटाका ‘चांगला’ असूनही होतात, कारण चूक वापरण्यात असते. गावोगाव दिसणारे प्रकार ठरलेले आहेत. बॉम्बवर स्टीलचा ग्लास, पत्र्याचा डबा किंवा करवंटी पालथी घालणं. फुटल्यावर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. न फुटलेल्या फटाक्यांतली दारू कागदावर काढून पेटवणं. ती फुटत नाही, एकदम भडकते आणि वाकून बघणाऱ्याचा चेहरा भाजतो. हातात धरून लवंगी पेटवून फेकणं. वात आज किती वेळ घेईल, हे कुणालाच माहीत नसतं.

फुलबाजा तर सगळ्यांना निरुपद्रवी वाटतो, म्हणून तो तीन वर्षांच्या लेकराच्या हातात दिला जातो. उकळत्या पाण्याचं तापमान १०० अंश सेल्सिअस असतं. जळत्या फुलबाज्याच्या टोकाचं १००० अंशांच्या आसपास जातं. विझल्यावरही तार बराच वेळ तापलेली राहते. ती अंगणात टाकली की अनवाणी पायाखाली येते. पाण्याची बादली शेजारी ठेवून विझलेली प्रत्येक तार तिच्यात टाकायची सवय लावली, तर पाय भाजण्याचे प्रकार जवळपास थांबतात.

आणखी एक प्रकार सकाळचा. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, लहान पोरं कागदाच्या ढिगाऱ्यातून ‘फुसके’ वेचत फिरतात. ज्यांच्या घरी फटाके आले नाहीत, ती लेकरं यात जास्त असतात. अर्धवट जळलेली वात पुन्हा पेटवली की फटाका हातातच फुटू शकतो. न फुटलेल्या फटाक्याला पंधरा-वीस मिनिटं हात लावू नये, मग त्यावर भरपूर पाणी ओतावं आणि रात्रीच झाडून काढावं. दुसऱ्याच्या लेकराचा हात वाचवायला हे एक झाडणं पुरेसं आहे.

कार्बाइडची नळी : हा फटाका नाही

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत, शंभराहून अधिक लोकांच्या, त्यातही मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली. काहींची दृष्टी गेली. कारण होतं ‘कार्बाइड गन’, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाची घरगुती तोफ. अशीच नळी आपल्याकडंही वानरं आणि रानडुकरं हाकलायला शेतात वापरली जाते. त्यामुळं ती गावातल्या पोरांना परकी नाही आणि धोका तिथंच आहे.

तिचं काम असं चालतं. पाइपात कॅल्शियम कार्बाइडचा खडा टाकतात, त्यावर थोडं पाणी. दोन्ही मिळून ॲसिटिलीन वायू तयार होतो. हाच वायू वेल्डिंगवाले वापरतात. गॅस पेटवायच्या लायटरने ठिणगी दिली की मोठा बार होतो. कधी बार होत नाही. मग मुलगा पाइपाच्या तोंडाला डोळा लावून आत बघतो आणि तेवढ्यात वायू पेटतो. आगीचा लोळ, प्लास्टिकचे तुकडे आणि कार्बाइड-पाण्यातून तयार झालेला चुना एकाच वेळी डोळ्यात जातो. भाजणं आणि रसायनाची इजा, दोन्ही एकदम. बुबुळाचा पडदा पांढरा पडायला फार वेळ लागत नाही.

शेतात राखणीसाठी अशी नळी असेल तर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवावी. दिवाळीला कुणी ती बाजारातून खेळणं म्हणून आणली असेल तर परत करावी. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरी बनवणाऱ्या पोरांना वेळीच अडवावं. हा राग येण्याचा विषय नाही, समजावून सांगण्याचा आहे.

भाजलं तर पहिल्या वीस मिनिटांत काय करायचं

भाजलेल्या जागेवर साधं, वाहतं, थंड पाणी सलग वीस मिनिटं सोडावं. नळ नसेल तर तांब्याने हळूहळू ओतत राहावं. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, माती, चुना यातलं काहीही लावू नये. त्यानं धग आत कोंडते, जखम चिघळते आणि डॉक्टरांना खोली कळत नाही. अंगठी, बांगडी, कडं सूज येण्याआधी काढावं. फोड फोडू नयेत. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नये. स्वच्छ, कोरड्या सुती कापडानं सैलसर झाकून दवाखाना गाठावा.

अंगावरचे कपडे पेटले तर पळायचं नाही. पळाल्याने वारा लागून आग वाढते. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, किंवा जवळच्याने घोंगडी नाहीतर जाड सुती चादर टाकून आग दाबायची. नायलॉनची, पॉलिस्टरची चादर वापरू नये. ती वितळून कातडीला चिकटते. याच कारणामुळं फटाके उडवताना मुलांच्या अंगात चमचमणारा नवा ड्रेस नको, अंगाला बसणारे सुती कपडे बरे. मुलींच्या ओढण्या आणि घेरदार परकर सांभाळावेत.

डोळ्याला लागलं तर चोळू नये. दारूची पूड, चुना किंवा कार्बाइड गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून बराच वेळ धुवावा आणि मगच निघावं. तुकडा घुसला असेल किंवा डोळ्यातून रक्त येत असेल तर मात्र धुऊ नये, दाबू नये, तुकडा काढायचा प्रयत्न करू नये. कागदी कपासारखं काहीतरी वरून ठेवून डोळा झाकावा आणि नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावं. मेडिकलवरून थेंब आणून ‘उद्या बघू’ म्हणत थांबण्यात बऱ्याचदा डोळा जातो. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, आगीसाठी १०१ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

साठा कुठं ठेवता?

केरळमधील कोल्लम जिल्ह्यात पुट्टिंगल मंदिराच्या उत्सवात १० एप्रिल २०१६ रोजी पहाटे आतषबाजी सुरू असताना ठिणगी साठवलेल्या फटाक्यांवर पडली. त्या स्फोटात १०० हून अधिक माणसं गेली. एवढा मोठा साठा आपल्या गल्लीत नसतो, पण चूक तीच असते. उडवायची जागा आणि ठेवायची जागा एकच. पिशवी शेजारीच उघडी ठेवून पोरं त्यातून एक-एक काढत असतात. एक उडती चकली त्या पिशवीत शिरली की सगळं एकदम पेटतं. फटाक्यांची पिशवी घराच्या आत, बंद डब्यात आणि देवघरातल्या समईपासून लांब हवी. एका वेळी एकच फटाका बाहेर यावा.

किराणा दुकानात तेलाच्या डब्यांशेजारी माळा टांगून विकणं हाही असाच प्रकार. फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांना परवाना लागतो. २००८ च्या स्फोटके नियमांनुसार ही दुकानं न जळणाऱ्या साहित्याची, एकमेकांपासून किमान ३ मीटर लांब आणि समोरासमोर नसलेली असावी लागतात. आत किंवा जवळ उघडा दिवा चालत नाही आणि दुकानांपासून ५० मीटरच्या आत फटाके उडवता येत नाहीत. ‘एक उडवून दाखव बरं’ म्हणत स्टॉलसमोरच बार काढणाऱ्या गिऱ्हाइकाने हे ध्यानात ठेवावं.

कायदा काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात दिवाळीत फटाके उडवायला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. माळांवर बंदी घातली, बेरियमचे क्षार असलेले फटाके बंद केले, ऑनलाइन विक्रीला मनाई केली. आदेश पाळला गेला नाही तर त्या हद्दीच्या ठाणेदाराला जबाबदार धरण्याचंही त्यात म्हटलं आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके चालत नाहीत. म्हणजे नरक चतुर्दशीला ‘पहिली आंघोळ कुणाची’ हे गावाला कळवण्यासाठी पहाटे साडेचारला लावला जाणारा बॉम्बही नियमात बसत नाही. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यांना मनाई आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं.

बेफिकीरपणे आग किंवा स्फोटक पदार्थ हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ आणि २८८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मुद्दाम केलं नाही’ हा यातून सुटायचा मार्ग नाही, कारण ही कलमं निष्काळजीपणासाठीच आहेत.

पाकिटावर ‘ग्रीन’ लिहिलेलं बघून बरेच जण निर्धास्त होतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या संशोधनातून आलेले हे हरित फटाके धूर कमी करतात. साधारण ३० टक्के कमी प्रदूषण हा त्यांचा हेतू. पण ते पेटतात तसेच, फुटतातही तसेच. बनिमीला रॉकेट हिरवं की लाल, यानं काही फरक पडत नाही.

गावानं ठरवलं तर

दिवाळी बंद करा असं कुणी म्हणत नाही. वर्षभर राबलेल्या घरात लेकरांच्या हाती चार फटाके यावेत, यात वावगं काही नाही. प्रश्न फक्त जागेचा आणि हजर राहण्याचा आहे.

जागा गावाने मिळून ठरवावी. शाळेचं मैदान सोयीचं वाटतं, पण तो शांतता क्षेत्राचा भाग. त्यापेक्षा बाजारतळ, किंवा गावाला लागून नांगरून मोकळं पडलेलं रान बरं. आसपास बनीम, गंजी, ऊस, वीजतारा नसलेलं. ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी किंवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं, आणि पोलीस पाटलांनी दोन फेऱ्या माराव्यात. पाण्याचा टँकर आणि वाळूच्या चार घमेल्या तिथं उभ्या असाव्यात. रॉकेट लावायचंच तर बाटलीत नको. वाळूने भरलेल्या बादलीत पाइप रोवून, सरळ उभं, गावाच्या आणि बनिमींच्या उलट दिशेला. वारा सुटला असेल त्या रात्री रॉकेट आणि आकाशकंदिलासारखे तरंगते दिवे सोडूच नयेत. तरंगता दिवा सोडणाऱ्याच्या हातात फक्त वर जाणं असतं. तो पेटता कुठं उतरेल, हे वारा ठरवतो.

शेतकऱ्यानंही आपल्या बाजूने काही करावं. शक्य असेल तर मळणी दिवाळीआधी उरकावी. बनीम एकाच मोठ्या ढिगाऐवजी अंतर ठेवून दोन-तीन ठिकाणी रचावी, म्हणजे एक पेटली तरी सगळी जात नाही. भोवतीचं वाळलं गवत काढून, दोन-तीन पास नांगर किंवा कुळव फिरवून मातीचा पट्टा मोकळा ठेवावा. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या रात्री घरातलं एक माणूस आखाड्यावर असावं.

आणि घराघरांत एक गोष्ट व्हावी. मुलांच्या हातात पिशवी देऊन मोठी माणसं टीव्हीसमोर बसतात, ते थांबावं. बारा वर्षांखालच्या मुलाने बॉम्ब आणि रॉकेट एकट्याने लावायचंच नाही, ही घरची शिस्त असावी. रॉकेट सुटलं की ते पडेपर्यंत कुणीतरी नजर ठेवावी, आणि कुठं पडलं ते बॅटरी घेऊन जाऊन बघावं.

शेजाऱ्याच्या पोराला ‘बाळा, इकडं नको, तिकडं माळावर जाऊ’ म्हणायला संकोच वाटतो, हे खरं. पण ते आधी बोललं तर फार तर दोन मिनिटांची नाराजी. नंतर बोलायची वेळ आली, तर समोर राखेचा ढीग असतो आणि बोलणं कुणालाच सुचत नाही. वसुबारसेला गायीची पूजा करून झाली की त्याच संध्याकाळी चावडीवर दहा माणसांनी बसावं आणि फटाके कुठं, किती वाजेपर्यंत, टँकर कुणाचा, राखणीला कोण, एवढं ठरवावं. त्याला खर्च काहीच नाही.